कार्यवाही प्रलंबित

मराठी माणूस रोजनिशी लिहीत नाही, असं म्हणणाऱ्यानं कुणाच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय नीट बघितलेलं नसतं. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते काढलं, ते तिथी, सण, उपास, मुहूर्त घरबसल्या कळावेत म्हणून. घरोघरच्या बायकांनी त्याचं रजिस्टर करून टाकलं. आमच्याकडे या महिन्याच्या पानावर संकष्टीच्या चंद्रोदयाखाली ‘गॅस लावला’ आहे, एकादशीच्या चौकोनात ‘दूध अर्धा जास्त’, आणि पुढच्या दोन चौकोनांत नुसता ‘खा’. खा म्हणजे खाडा. भांड्याच्या मावशी आल्या नाहीत. महिनाअखेर हिशेब होतो, पान उलटतं. वर्ष संपलं की घराचा सगळा इतिहास डब्यांच्या फळीवर अंथरायला जातो.

लग्नातली आहेराची वही हा दुसरा प्रकार. आमची अजून शाबूत आहे. मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून एका काकांना बसवलं होतं. त्यांच्या वळणदार अक्षरात ‘लेमन सेट १’, ‘भिंतीवरील घड्याळ १’, ‘रोख रु. ११’ असं पानामागून पान चाललंय. लेमन सेट एकूण नऊ आले. त्यातला कुठला पुढे कुणाच्या लग्नात दिला, हे सासूबाईंनी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, म्हणजे ज्याचा त्याला परत जायला नको. या वहीत विनोदाचा एकही शब्द नाही, आणि आमच्या घरात तिच्याइतकं विनोदी पुस्तक दुसरं नाही. तिसरा प्रकार भांड्यांवर घातलेल्या नावांचा. आमच्याकडच्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यावर जाऊबाईंच्या माहेरचं नाव आहे, तारखेसकट. ते आमच्याकडे कसं आलं, हे दोन्ही घरांत कुणी विचारत नाही.

रोज लिहायची सवय मला नोकरीनं लावली. एका तालुक्याच्या कार्यालयात माझी सगळी वर्षं आवक-जावक टेबलावर गेली. आलेलं पत्र नोंदवायचं, क्रमांक टाकायचा, विषय एका ओळीत लिहायचा, संबंधित टेबलाकडे पाठवायचं. पत्रात कुणी कितीही टाहो फोडलेला असो, आवक रजिस्टरात त्याचं ‘रस्त्यावरील खड्ड्याबाबत’ एवढंच व्हायचं. निवृत्त होऊन कराडच्या घरी बसले आणि आठवड्याभरात लक्षात आलं की हात रिकामा राहत नाही. मग घरातल्या गोष्टींची आवक सुरू केली. पहिली मोठी नस्ती पंख्याची.

‘विषय : हॉलमधील पंख्याच्या आवाजाबाबत. संदर्भ : या कार्यालयाची तोंडी तक्रार. श्री. यांनी येत्या रविवारी पाहतो, असे सांगितले. रविवार येऊन गेला. कार्यवाही प्रलंबित.’

पुढच्या रविवारी : ‘श्री. यांनी पंख्याखाली स्टूल ठेवले व वर न चढता पंख्याकडे बराच वेळ पाहिले. पाहणी पूर्ण झाल्याचे सांगितले.’

त्याच्या पुढच्या : ‘स्मरणपत्र क्र. २. रेग्युलेटर उघडण्यात आला. आवाज कायम. पंखा आता फक्त पाचवर चालतो.’

हे शाळेत विज्ञान शिकवायचे. विद्युतधारेचा धडा तर त्यांचा खास. वही टेबलावरच असायची, त्यांनी ती वाचली. दुसऱ्या दिवशी त्या पानाच्या समासात लाल शाईनं मजकूर : ‘खुलासा : आवाज पंख्याचा नसून छताच्या हुकाचा आहे. तक्रारदाराने खात्री करावी. तसेच “दुरूस्ती” नव्हे, “दुरुस्ती”.’ तेव्हापासून आमच्या वहीत दोन हस्ताक्षरं आहेत. निळ्या शाईत माझी नोंद, लाल शाईत यांचा खुलासा. कधी कधी खुलाशावर माझा शेरा. लेक पुण्याहून आली की आधी वही मागते, नंतर चहा.

तिच्या मैत्रिणींना यात हसण्यासारखं काय आहे ते कळेना, म्हणून मला विचार करावा लागला. माझ्या मते गंमत सरकारी भाषेची आहे. ती मुळात धरण, भूसंपादन, दुष्काळ असल्या गोष्टींसाठी बनलेली. तिच्यात पंखा घातला की पंख्यालाही अब्रू येते आणि भाषेचीही हवा निघते. ही युक्ती मी काही शोधलेली नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिले त्यात सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट जगातल्या कुठल्याही बारीकसारीक गोष्टीवर शास्त्रार्थ केल्यासारखं बोलतं. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. गडकऱ्यांनी विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावानं लिहिले. मराठी विनोदी लेख असा भारदस्त पोशाखात आला. आज वाचताना तो पोशाख कधी कधी जड वाटतो, हे मला कबूल. कोल्हटकरांचं एखादं वाक्य संपेपर्यंत माझा चहा निवतो.

विनोदाला घरात चपला काढून वावरायला शिकवलं ते चिं. वि. जोशींनी. बडोद्याला पालीचे प्राध्यापक असलेला हा विद्वान माणूस, आणि लिहिलं कुणाच्या तोंडून, तर चिमणराव नावाच्या भित्र्या, साध्यासुध्या कारकुनाच्या. सगळं चिमणरावच सांगतो, आणि फजितीही त्याचीच होते. जोडीदार गुंड्याभाऊ दणकट, धाडसी; बायको काऊ व्यवहारी; मोरू आणि मैना जशी मुलं असतात तशी. घरात सगळ्यांत कमी अक्कल कुणाला, तर सांगणाऱ्याला. त्यामुळे त्यानं कुणाविषयी काहीही सांगितलं तरी राग येत नाही. माझ्या पिढीनं हे चिमणराव-गुंड्याभाऊ आधी दूरदर्शनवर पाहिले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात, आणि पुस्तक नंतर शोधलं. पु. ल. देशपांड्यांनी ‘असा मी असामी’ हे एका सामान्य कारकुनाचं आत्मचरित्र म्हणून लिहिलं, तेव्हा धोंडो भिकाजी जोशी हाही त्याच बाकावर येऊन बसला. मराठीत आपल्या रोजच्या जगण्यावर हसायला माणूस लागला की लेखक पुन्हा पुन्हा कारकुनाकडे जातात, हे मी थोड्या अभिमानानंच लिहिते आहे. कारण सोपं आहे. कारकून सगळं बघतो, त्याला विचारत कुणी नाही, आणि लिहायची त्याला सवय असते.

साहेबांच्या देशातलं उदाहरणही आमच्याच खात्यातलं निघालं. सॅम्युएल पीप्स हा सतराव्या शतकातला लंडनचा माणूस, नौदलाच्या कचेरीत कामाला. १ जानेवारी १६६० ला त्यानं रोजनिशी धरली आणि १६६९ च्या मे अखेर डोळे जातील या भीतीनं सोडली. डोळे काही गेले नाहीत, तो पुढे १७०३ पर्यंत जगला. लिहायचा लघुलिपीत, आणि अगदी आतलं असेल तिथे परदेशी शब्द मिसळून, म्हणजे सहजासहजी कुणाच्या हाती लागू नये. त्यात प्लेग आहे, दरबार आहे, नाटकं आहेत, बायकोशी भांडणं आहेत. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? १६६६ च्या सप्टेंबरात लंडनला मोठी आग लागली, अर्धं शहर जळत होतं, आणि या गृहस्थानं बागेत खड्डा खणून आपली दारू आणि परमेझान चीज पुरून ठेवलं. आगीचा इतिहास इतरांनीही लिहिला. चीज पुरलेलं मात्र यानं त्याच वेळी लिहून ठेवलं म्हणून कळलं. दहा वर्षांनी आठवणी लिहायला बसता, तर ते त्यानं गाळलंच असतं, मोठ्या प्रसंगाला शोभत नाही म्हणून.

आपल्याकडे पेशव्यांच्या रोजनिशाही आहेत, मोडीत लिहिलेल्या. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतले वेचे निवडले, ते छापूनही आले. इनामं, जकाती, तंटे, हुकूम, सगळं तारीखवार. दप्तरच ते. त्यात कुणाचं चीज सापडायचं नाही.

त्याच दिवशी लिहिण्याला म्हणूनच मी फार मानते. आमच्या मोरीतलं पाणी तुंबायचं तेव्हा प्लंबर आला. वाकून बघितलं, उठला आणि म्हणाला, “काकू, लीकेज काही नाही. पाणी फक्त बाहेर येतंय.” मी ओले हात पदराला पुसले आणि ते वाक्य तसंच्या तसं वहीत उतरवलं. आठ दिवसांनी लिहिलं असतं तर ‘प्लंबरने काहीतरी थापा मारल्या’ असं झालं असतं, आणि ते कुणी वाचलं नसतं. माणसाची आठवण फार शहाणी असते. ती आधी वेडेपणा पुसते आणि मग तक्रार तेवढी शिल्लक ठेवते. तीच गोष्ट आकड्यांची. ‘भाजी महाग झाली’ यात काही नाही. ‘गवार तीस रुपये पाव. यांनी पाव किलो आणली आणि येताना चाळीस रुपये रिक्षाला दिले’ यात आमचा अख्खा संसार आहे.

दुसरं एक पथ्य मी पाळते, ते लिहिण्यापेक्षा न लिहिण्याचं. मावशींचे खाडे कालनिर्णयावर असतात, वहीत नाही. प्लंबरचं ते एक वाक्य सोडलं तर, वही वाचून ज्याला लाल शाईनं खुलासा करता येतो, त्याच्यावरच लिहायचं. हे करतात, लेक करते, जाऊबाईंनी तर पातेल्याबाबत आपली बाजू दोन पानांत मांडली आहे. मावशींच्या घरात कुणी आजारी असेल, एसटी चुकली असेल; त्यांच्या खाड्यावर मी कोटी केली तर त्या कुठे उत्तर लिहिणार? बऱ्याच विनोदी लेखांत मोलकरीण, भाजीवाली, वॉचमन यांच्यावर सरसकट हसू काढलेलं असतं. मला ते वाचताना अवघडायला होतं. वरून खाली फेकलेला विनोद आहे तो.

शेजारच्या काकूंचा प्रकार निराळा. वहीची बातमी त्यांना लागली तेव्हा त्या दारातच म्हणाल्या, “माझं काही लिहू नका हं.” मी म्हटलं, बरं. महिन्याभरानं साखर मागायला आल्या, जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, “खरंच काही लिहिलं नाहीत?” लिहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. आता त्या स्वतःच मजकूर आणून देतात, आणि मजकूर त्यांच्या सुनेबद्दल असतो. तो मी दाखल करून घेत नाही. अर्जदारानं स्वतःच्या नावे अर्ज करावा, असा आमच्या कार्यालयाचा नियम आहे.

बायकांच्या लिहिण्याचा विषय निघालाच आहे तर लक्ष्मीबाई टिळकांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागानं पुस्तकरूपात आली. वडिलांचं सोवळ्याचं वेड, पती टिळकांचा विसराळूपणा, हातातला पैसा कुणालाही देऊन मोकळं होणं, नवऱ्यानं धर्म बदलल्यावर झालेली ताटातूट. रडायला कारणं मुबलक. बाई सांगतात मात्र ओसरीवर बसून शेंगा सोलताना सांगावं तशा, कुठे अडत नाहीत, स्वतःची कीव करत नाहीत. त्यात त्या स्वतःलाही सोडत नाहीत. विनोदी पुस्तक म्हणून कुणी ते शिफारस करत नाही, मी करते.

वह्या कुठून येतात, असं लोक विचारतात. विकत घ्यायची गरज नाही. नवीन वर्षाला खतवाले, औषधवाले, पतसंस्था, सोनार डायऱ्या वाटतात, आणि आमच्या घरात कुणी काही टाकत नाही. कोऱ्या डायऱ्यांची चळत होती. अडचण एवढीच की छापलेले वार जुन्या वर्षाचे. इथे यांचं विज्ञान कामाला आलं. साध्या वर्षाचे वार पुढच्या वर्षी एकानं सरकतात, लीप वर्ष मध्ये आलं की दोनानं, त्यामुळे साधं वर्ष सहा किंवा अकरा वर्षांनी वारासकट जसंच्या तसं परत येतं. २०१४ ची डायरी २०२५ ला बिनचूक चालली, २०१५ ची २०२६ ला. तारीख, वार, सगळं जुळतं. सण तेवढे जुळत नाहीत, कारण ते चंद्रावर चालतात. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला बसले, आणि डायरीत गणेश चतुर्थी २९ ला छापलेली. मी २९ च्या पानावर लिहिलं : ‘छापील आदेशानुसार आज श्रींची स्थापना. श्री दोन दिवस आधीच रुजू झालेले असल्याने मोदक संपले आहेत.’ खाली लाल शाईत : ‘खुलासा : मोदक संपले नव्हते. डब्यात चार होते. आता नाहीत.’

चळतीत सगळ्यांत जाड, कातडी बांधणीची डायरी २०१६ ची आहे, आणि ते लीप वर्ष. लीप वर्ष अठ्ठावीस वर्षांनी परत येतं, म्हणजे ती २०४४ ला लागणार. मी म्हटलं, मसाल्यांचा हिशेब लिहायला घेते. यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, वर ‘२०४४ करिता राखीव’ अशी चिठ्ठी डकवली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. वरच्या कप्प्याला हात पोचायला स्टूल लागतं. २०४४ साली हे नव्वदीच्या घरात असतील. तेव्हा स्टुलावर कोण चढणार, या मुद्द्यावर मी लेखी विचारणा केली आहे. खुलासा अजून आलेला नाही.