टंचाईतून आलेले पक्वान्न

इंग्लंडात सप्टेंबर सरू लागला, दिवस आखडले आणि परसातल्या झाडाखाली पडलेली सफरचंदे वेचून घरची माणसे कंटाळली, की ज्या पदार्थाच्या रूपाने त्या फळांची विल्हेवाट लागते, तो सफरचंदाचा क्रम्बल होय. तळाशी आंबट फोडींचा थर, वर मैदा, लोणी व साखर ह्यांचा रवाळ चुरा, आणि ओव्हनमध्ये पाऊण तास. एवढ्याच सामग्रीवर भागणाऱ्या ह्या पदार्थाला पाककलेच्या दरबारात मानाचे पान मिळाले नाही, तरी भाजण्याच्या विद्येशी ज्यांचा परिचय नाही अशा गृहिणींनी आणि गृहस्थांनी आरंभ करावा तो ह्याच्यापासूनच, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा पदार्थ इंग्रजांच्या घरोघरी रूढ झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, असे सामान्यतः मानले जाते, आणि त्या काळची परिस्थिती पाहता ते पटण्याजोगे आहे. समुद्रमार्गे येणारा शिधा पाणबुड्यांच्या भयाने रोडावला, तेव्हा सरकारने 8 जानेवारी 1940 पासून लोणी, साखर आणि बेकन ह्या जिनसांवर रेशनिंग लागू केले, आणि पुढे माणशी आठवड्याला साधारणपणे 57 ग्रॅम लोणी आणि 225 ग्रॅम साखर एवढ्यावर संसार भागवण्याची वेळ आली. सफरचंदाचा पाय करावयाचा तर मैद्याच्या निम्मे तरी स्निग्ध द्रव्य घालून पोळी लाटावी लागते, आणि ती बहुधा खाली आणि वर अशी दुहेरी. क्रम्बलला केवळ वरचे आच्छादन पुरे; त्यातही लोणी कमी पडल्यास मार्गारिन घालण्याची, मैदा कमी पडल्यास ओट मिसळण्याची पूर्ण मुभा. लाटणे नाही, आकार देणे नाही. रेशनिंगचा अंमल 4 जुलै 1954 रोजी सर्वस्वी उठला, पण तोवर एक पिढी हा पदार्थ खातच मोठी झाली होती.

ह्या पदार्थाचे खरे फळ म्हणजे ब्रॅमली. नॉटिंगहॅमशायर परगण्यातील साउथवेल ह्या गावी मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने 1809 मध्ये काही बिया पेरल्या आणि त्यांतून हे झाड उगवले. 1846 मध्ये ते झाड असलेले घर मॅथ्यू ब्रॅमली नामक खाटकाने विकत घेतले. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर ह्या रोपवाटिकेच्या तरुणाने कलमे विकण्याची परवानगी मागितली, तेव्हा फळाला आपले नाव असावे ह्या अटीवर ब्रॅमलीने ती दिली. पेरणारीचे नाव बाजूस राहून खरेदीखतावरचे नाव चिकटावे, हा न्याय केवळ आपल्याच गावांत चालतो असे नव्हे.

ब्रॅमली कच्चे खाल्ले तर दात आंबतात, कारण त्यात मॅलिक आम्ल भरपूर आणि त्या मानाने साखर थोडी असते. पण शिजताना त्याच्या फोडी विरघळून फेसाळ, मऊ गर होतो, आणि वरच्या गोड थराला तोंड देईल असा आंबटपणा त्यात शिल्लक राहतो. आपल्या बाजारात भाद्रपद-आश्विनात येणारी हिमाचल-काश्मीरची लाल सफरचंदे गोड असतात. त्यांचा क्रम्बल चवीला सपाट लागतो. तेव्हा निम्मी तरी हिरवी ग्रॅनी स्मिथ घ्यावीत, ती न मिळाल्यास लिंबाचा रस सढळ हाताने पिळावा आणि फळातली साखर हात राखून घालावी.

चार-पाच माणसांसाठी 900 ग्रॅम सफरचंदे सोलून, जाड फोडी करून भांड्यात पसराव्यात. वर तीन-चार चमचे साखर आणि चिमूटभर दालचिनीची पूड. मग 200 ग्रॅम मैद्यात 100 ग्रॅम थंड लोण्याचे तुकडे घालून केवळ बोटांच्या अग्रांनी चोळावे. करंजीला कडकडीत मोहन घालणाऱ्या हाताला येथे थोडे आवरावे लागते, कारण लोणी पातळ झाले तर त्याचा मैद्याशी लगदा होतो. ते थंड राहिले तर पिठाचे कण वेगवेगळे राहतात आणि भाजल्यावर खुसखुशीत होतात. मूठ आवळता मुटका वळावा आणि बोट लावताच मोडावा, इतपत चोळून झाले की 100 ग्रॅम तपकिरी साखर मिसळावी. हा चुरा फोडींवर नुसता भुरभुरावा. तळहाताने थापला तर वाफेला वाट राहत नाही आणि वरचा थर चिकट होतो. 180 अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटांत कडांना रस खदखदू लागतो आणि वरचा भाग बदामी होतो. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे हात लावू नये. तेवढ्यात रस आळतो.

सोबत गरम कस्टर्ड असावे. त्याची बिनअंड्याची पूड बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने 1837 मध्ये तयार केली, ती पत्नीला अंडी सोसत नसत म्हणून. अंडी वर्ज्य असलेल्या आपल्याकडील असंख्य स्वयंपाकघरांची सोय त्यामुळे आयतीच झाली. उरलेला क्रम्बल दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच दहा मिनिटे गरम करावा. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, वरचा थर मऊ पडतो.