नवरीची साडी, नवरीची आवड

लग्न ठरले की बस्ता बांधायला सगळे घर निघते. आत्या, मामी, मावशी दुकानात ओळीने बसतात. साड्यांचा ढीग पडतो. कुणी रंग ठरवते, कुणी पदर बघते, कुणी भाव करते. नवरी मात्र कोपऱ्यात गप्प. जिने साडी नेसायची, तिलाच कुणी विचारत नाही!

दुसऱ्याचे कशाला, आमच्याच घरची चूक सांगतो. थोरल्या मुलीच्या लग्नात आम्ही जरीने भरलेला लाल शालू घेतला. पैसे कमी पडले, ते उसने काढले. पोर एवढेच म्हणाली, "अण्णा, मला हलकी हिरवी साडी चालली असती." आम्ही हसून सोडून दिले. लग्नात ती दिवसभर शालूच सावरत राहिली. पुढे शालू ट्रंकेत पडला आणि घडीवर चिरला. उसने फेडायला आम्हाला दोन वर्षे लागली.

धाकटीच्या वेळी आम्ही शहाणे झालो. दुकानात जाण्याआधी तिला तीन गोष्टी विचारल्या.

पहिली गोष्ट, नेसायचे काय? नऊवारी म्हणजे नऊ वार, सुमारे सव्वाआठ मीटर कापड. सहावारी साधारण साडेपाच मीटर. सवय नसेल तर घरातली जुनी साडी नेसून चालून बघावे, पाटावर बसून उठून बघावे. धाकटीला नऊवारीच हवी होती. आजीकडून ती काष्टा घालायला शिकली.

दुसरी गोष्ट, रंग कोणता? दिव्याखाली रंग वेगळा दिसतो. साडी अंगावर धरून दाराशी, उजेडात बघावी. पुष्कळ घरांत मामाकडून पिवळी अष्टपुत्री येते. ती रीत जरूर पाळावी. पण पिवळ्यातही छटा असतात, काठ असतात. ते पोरीला निवडू द्यावेत. रीतही राहते, आवडही राहते.

तिसरी गोष्ट, पुढे कधी नेसणार? सणावाराला नेसता येईल अशी साडी घेतली तर पैसा ट्रंकेत पडून राहत नाही. आधी आकडा ठरवावा, मग दुकानाची पायरी चढावी. साडीसाठी कर्ज काढू नये.

आता पारख. येवल्याची, पैठणची हातमागावरची पैठणी महाग असते. कारण तिची नक्षी विणकर हाताने एकेक धागा घालून विणतो. तिचा काठ उलटा करून बघावा. खरी नक्षी मागूनही जवळजवळ तशीच दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील, तर ती बहुधा यंत्रमागाची. तीही घ्यावी, पण यंत्रमागाच्या भावाने. रेशीम खरे आहे का, हे ओळखायला 'सिल्क मार्क' ही खूण बघावी. ती २००४ सालापासून आहे. सुटा धागा जाळूनही कळते. रेशमाला जळक्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. नकली धागा वितळून त्याची कडक गुठळी होते.

साडी घरी आणल्यावर सुती फडक्यात बांधून ठेवावी. अधूनमधून घडी बदलावी. म्हणजे ती घडीवर चिरत नाही.

धाकटीने हिरवी नऊवारी घेतली. शालूच्या निम्म्या पैशांत आली. दर गौरीला ती तीच नेसते. थोरली ते बघते आणि हसते. आम्ही मान खाली घालतो.

म्हणून सांगतो, बस्ता बांधण्याआधी पोरीला विचारा. आणि ती सांगेल ते ऐका.