वडवणीच्या रानातली तीन क्षेत्रे

भौतिकशास्त्रात क्षेत्र हा जागेचा गुण मानला जातो. एखाद्या ठिकाणी योग्य वस्तू नेली की तिच्यावर बल लागते. ते किती आणि कोणत्या दिशेने, हे त्या ठिकाणचे क्षेत्र ठरवते. वस्तू तिथे नसली तरी क्षेत्र असतेच.

सर्वांत सरळ क्षेत्र गुरुत्वाचे. बीड जिल्ह्यातल्या वडवणीत एक किलो ज्वारीला पृथ्वी सुमारे ९.७८ न्यूटन बलाने ओढते, दहा किलोला त्याच्या दहापट. बलाला वस्तुमानाने भागले की ज्वारी असो वा दगड, उरणारा आकडा एकच. म्हणजे तो वस्तूचा नव्हे, वडवणीचा. ध्रुवांवर तो ९.८३ होतो, कारण पृथ्वी तिथे किंचित चपटी आहे आणि तिच्या फिरण्याचा परिणामही तिथे उरत नाही.

विद्युत क्षेत्र काढताना भागाकार प्रभाराने करायचा. प्रभार धन आणि ऋण असे दोन प्रकारचे, म्हणून इथे ओढणे आहे तसे ढकलणेही आहे. दोन्ही समसमान असले की बाहेर फारसे काही जाणवत नाही. एरवी या बलापुढे गुरुत्व अगदीच दुबळे. निरभ्र दिवशीही जमिनीलगत दर मीटरला सुमारे १०० व्होल्टचे क्षेत्र असते. वळवाचे ढग दाटले की ते हजारो व्होल्टवर जाते. उंच, टोकदार वस्तूपाशी क्षेत्र एकवटते. मोकळ्या रानातल्या एकट्या झाडावर वीज पडते ती यामुळे. वीज जमिनीत शिरल्यावर आसपासच्या मातीतही क्षेत्र पसरते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर बरेच, त्यामुळे त्यांच्यातला व्होल्टेजचा फरकही मोठा, आणि प्रवाह छातीतून जातो. झाडावर वीज पडल्यावर त्याखालची जनावरे दगावतात, त्याचे एक कारण हे.

चुंबकीय क्षेत्र तिघांत तिरपागडे. स्थिर प्रभाराला ते हातही लावत नाही. धावत्या प्रभाराला मात्र आडवे ढकलते, त्यामुळे त्याची वाट वळते, पण चाल वाढत नाही. वाहती वीज स्वतःही असे क्षेत्र निर्माण करते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेतली नाजूक चुंबकीय उपकरणे बिनभरवशाची ठरणार होती. म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय नोंदींचे काम अलिबागला हलवले गेले. तिथली वेधशाळा आजही पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवते.

याहून जुनी नोंद वडवणीच्या विहिरींत आहे. तिथला काळा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थंड होताना त्यातल्या लोहयुक्त कणांनी त्या वेळच्या क्षेत्राची दिशा पकडून ठेवली. दख्खनच्या अनेक थरांत ती आजच्या उलट आहे, आणि तिच्या उतारावरून कळते की ही भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे नाते गावातल्या डीपीत, म्हणजे रोहित्रात, दिसते. ११ हजार व्होल्टची गुंडाळी आणि घरांकडे जाणारी गुंडाळी तारेने जोडलेल्या नसतात. पहिलीतला प्रवाह सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो, त्याबरोबर गाभ्यातले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि ते दुसरीत विद्युत क्षेत्र उभे करते. मायकेल फॅरडे यांनी हा परिणाम १८३१ मध्ये दाखवला. बदलते विद्युत क्षेत्रही चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, ही दुसरी बाजू जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी जोडली. दोन्हींतून तरंग निघतो आणि त्याचा वेग प्रकाशाइतकाच येतो, असे त्यांनी १८६५ मध्ये मांडले. क्षेत्र ही केवळ हिशेबाची सोय, असे म्हणणे त्यानंतर अवघड झाले. ते ऊर्जा वाहून नेते आणि पोहोचायला वेळ घेते.

गुरुत्वाच्या बाबतीत आइन्स्टाइन यांच्या १९१५ च्या सिद्धांतातून हेच निघाले. तसे तरंग प्रत्यक्ष पकडले गेले ते २०१५ मध्ये, अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत. तशीच वेधशाळा मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या असतील, आणि तरंग आल्यावर त्यांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी पटींनी कमी असतो.