खसरा नंबरांची यादी

कारखाना कुठे काढायचा याचा विचार करताना लोकांच्या डोळ्यांसमोर रस्ते येतात, पाणी येतं, वीज येते. माझ्यासमोर एक तक्ता येतो. 2005 च्या हिवाळ्यात भोसरीतल्या आमच्या कंपनीत मी तो तक्ता सहा वेळा नव्याने केला. मी कॉस्टिंग बघत असे. आम्ही दुचाकीच्या क्लच आणि ब्रेकच्या केबल बनवायचो. आत पिळाची तार, बाहेर पीव्हीसी चढवलेलं कंड्युइट, टोकाला जस्ताची ओतीव निपल. साधी वस्तू, पण निपल तारेवरून निसटली तर ब्रेक लागत नाही, त्यामुळे टूलरूममध्ये डायचा मान देवासारखा.

आमचं मोठं गिऱ्हाईक उत्तरांचलात, म्हणजे आताच्या उत्तराखंडात, जायला निघालं होतं. त्यांच्या खरेदी विभागाने कळवलं : यापुढचा दर पंतनगरला पोहोच द्या. साहेबांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, आपण गेलो तर किती आणि नाही गेलो तर किती, एवढंच काढा.”

एवढंच काढायला दोन महिने गेले.

जानेवारी 2003 मध्ये केंद्राने उत्तरांचल आणि हिमाचलसाठी सवलतींची घोषणा केली, जूनमध्ये अधिसूचना निघाल्या. तिथे नवा कारखाना काढला तर उत्पादन सुरू झाल्यापासून दहा वर्षं एक्साइज नाही. प्राप्तिकरात पहिली पाच वर्षं नफ्यावर पूर्ण सूट, पुढची पाच वर्षं कंपन्यांना तीस टक्के. कर केंद्राचे, पण सवलत राज्याच्या हद्दीला बांधलेली. एक्साइजचा दर तेव्हा सोळा टक्के होता. बाहेरच्या माणसाला वाटतं, सोळा टक्के वाचतात म्हणून सगळे पळाले. आमच्यासारख्या सुटे भाग करणाऱ्यांसाठी गोष्ट इतकी सरळ नव्हती, आणि ती समजली तेव्हाच माझ्या लक्षात आलं की कर फक्त एका मोठ्या कारखान्याला हलवत नाही, त्याच्यामागची सगळी वरात हलवतो.

शंभर रुपयांची केबल धरा. भोसरीत तिच्यावर सोळा रुपये एक्साइज लागायचं. गिऱ्हाईक पुण्यात असेपर्यंत त्याला त्या सोळा रुपयांचं दुःख नव्हतं, कारण तो स्वतःच्या गाडीवर एक्साइज भरायचा आणि आमचे सोळा रुपये सेनव्हॅट क्रेडिट म्हणून वजा करून घ्यायचा. पंतनगरला गेल्यावर त्याच्या गाडीवरचं एक्साइज शून्य. शून्यातून वजा काय करणार? आमचे सोळा रुपये त्याच्या खर्चात रुतले. म्हणजे त्याला केबल एकशे सोळाला पडली.

आता आम्ही तिथे गेलो तर? आमचंही एक्साइज शून्य. पण आमची सत्तर रुपयांची तार आणि पीव्हीसी बाहेरून येणार, त्यावरचे अकरा रुपये वीस पैसे आमच्या अंगावर, कारण आम्हालाही क्रेडिट नाही. केबल एकशे अकरा रुपये वीस पैशांना. फरक शेकड्याला चार रुपये ऐंशी पैसे. जे सोळा दिसत होते ते खरे पाच सुद्धा नव्हते. तारवाला तिथे आला, पीव्हीसीवाला तिथे आला, तर उरलेले अकरा हळूहळू सुटणार. म्हणून प्रत्येक जण आपल्या मागच्याला ओढत होता. गिऱ्हाईक आम्हाला, आम्ही तारवाल्याला. मी स्वतः आमच्या पुरवठादारांना तशी पत्रं टाइप केली आहेत.

त्या चार रुपये ऐंशी पैशांतून ट्रकभाडं जायचं होतं. पुण्याहून पंतनगर दीड हजार किलोमीटरहून लांब. दुसऱ्या बाजूला भोसरीत प्रत्येक कच्च्या मालावर जकात होती, ती तिथे नव्हती. जकातीचा पैसा तक्त्यात मांडता येतो, पण नाक्यावरची रांग मांडता येत नाही. तार घेऊन आलेला ट्रक नाक्यावर अडकला की आमचं वाइंडिंग बंद पडायचं आणि बायका हात बांधून बसायच्या. मुंबईला माल लागणाऱ्या किती कंपन्यांनी गोदामं भिवंडीच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत नेली, चाकणची जमीन पिंपरी-चिंचवडच्या हद्दीबाहेर आहे याला किती किंमत होती, हे त्या काळात माल हलवलेल्या कुणालाही विचारा.

डिसेंबरात आम्ही जागा बघायला गेलो. सकाळी धुकं, दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर. पंतनगरची औद्योगिक वसाहत कृषी विद्यापीठाच्या जमिनीवर आखलेली होती. काळी, सपाट, ओल धरणारी माती बघून मला कसंसंच झालं. अशा जमिनीत पीक घ्यायचं असतं, फाउंडेशनचे खड्डे नाही.

वसाहतीतल्या प्लॉटला वेळ लागेल म्हणून दलालाने बाहेरची एक खाजगी जमीन दाखवली. स्वस्त, रस्त्याला लागून. “सब टैक्स फ्री है,” तो पुन्हा पुन्हा सांगत होता. माझ्याकडे अधिसूचनेची प्रत होती. तिच्या परिशिष्टात खसरा नंबरांच्या याद्या आहेत, आपल्याकडे सातबाऱ्यावर गट नंबर असतो तसे. सवलत राज्याला आहे असं आपण बोलतो. प्रत्यक्षात औद्योगिक जमिनीपुरती ती नंबरवार दिलेली होती. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून मी पेन्सिलीने एकेक नंबर बघत गेले. शेजारच्या शेताचा नंबर यादीत होता. आमच्या जमिनीचा नव्हता. मधे फूटभर उंचीचा बांध, त्यावर एक शेळी चरत होती. बांधाच्या त्या बाजूला दहा वर्षं एक्साइज शून्य, या बाजूला सोळा टक्के.

साहेब बराच वेळ त्या बांधाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “वसाहतीतला प्लॉट मिळेपर्यंत थांबू.”

असा बांध आमच्यासाठी नवा नव्हता. नव्वदच्या दशकात आम्ही एक छोटं युनिट मागास तालुक्यात काढलं होतं. महाराष्ट्रात 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालू आहे. तालुक्याच्या मागासपणावरून गट ठरतो, आणि तालुक्याची हद्द ओलांडली की हक्क बदलतो. तेव्हा विक्रीकर लांबणीवर टाकता यायचा. गिऱ्हाइकाकडून कर आज घ्यायचा, सरकारला दहा-बारा वर्षांनी हप्त्यांनी द्यायचा, व्याज नाही. समजा शंभर रुपये दहा वर्षांनी द्यायचे असतील आणि पैशाची किंमत वर्षाला बारा टक्के असेल, तर आजच्या हिशेबाने ते बत्तीस रुपये होतात. अडुसष्ट रुपये सरकारने आपल्याला दिले, फक्त ते अनुदान म्हणून अर्थसंकल्पात कुणाला दिसले नाहीत.

सगळीच राज्यं हे करत होती आणि सगळ्यांच्याच तिजोऱ्या आटत होत्या. नोव्हेंबर 1999 मध्ये तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी बोलावलेल्या बैठकीत राज्यांनी ठरवलं की किमान दर सगळीकडे सारखे ठेवायचे आणि नव्या उद्योगांना विक्रीकराच्या सवलती द्यायच्या नाहीत. ठराव शहाणपणाचा होता. पण स्पर्धा थांबली नाही, तिने वाट बदलली. 2008 साली टाटांच्या नॅनो गाडीचा प्रकल्प पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून साणंदला गेला तेव्हा गुजरातने भरलेल्या व्हॅटच्या बदल्यात 0.1 टक्का व्याजाने कर्ज देऊ केलं. करात सूट नाही म्हणायचं आणि कर घेऊन कर्जाने परत द्यायचा, याला मी तरी सूटच म्हणेन. सिंगूर सुटलं ते मात्र जमिनीच्या आंदोलनामुळे. कराने तिथून कुणी हललं नव्हतं. हलायचं ठरल्यावर कुठे जायचं, एवढं ठरवताना तो कामाला आला. माझ्या तक्त्याचा अनुभवही हाच आहे. रस्ते, कामगार, गिऱ्हाइकाचं अंतर यांतून दोन-तीन जागा आधी उरतात आणि मग कर त्यांतली एक उचलतो.

आम्ही शेवटी पंतनगरला फक्त असेंब्ली नेली. तार कापणं, निपल ओतणं, जोडणं, तपासणं. टूलरूम भोसरीतच राहिली. डाय दुरुस्त करणारा माणूस तिथे मिळेना, आणि आमचे डायमेकर घर सोडून जायला तयार नव्हते. डाय बिघडली की ती रेल्वेने पुण्याला यायची आणि चौथ्या-पाचव्या दिवशी परत जायची. दहा वर्षांच्या सवलतीत टूलरूम तिथे उभी राहिली नाही.

2007 साली बजाज ऑटोचा पंतनगरचा कारखाना सुरू झाला, टाटा मोटर्सचाही झाला, आणि त्याच वर्षी आकुर्डीतलं बजाजचं दुचाकीचं उत्पादन थांबलं. भोसरीच्या चहाच्या टपऱ्यांवर त्या वर्षी दुसरा विषय नव्हता.

आता जीएसटी आहे. जुलै 2017 पासून कर माल जिथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. डोंगराळ राज्यांतल्या ज्या कारखान्यांची दहा वर्षं संपली नव्हती त्यांना आधी कर भरायचा आणि मग केंद्राच्या वाट्याच्या 58 टक्के परत मिळवायचे, अशी व्यवस्था झाली. महाराष्ट्रातही सवलत परताव्याच्या रूपात आहे, पण ती राज्यातल्या विक्रीवरच्या एसजीएसटीशी, म्हणजे जीएसटीतल्या राज्याच्या वाट्याशी, जोडलेली. सगळा माल परराज्यात जाणाऱ्या कारखान्याला तिचा फारसा उपयोग नाही. माझ्याकडे हल्ली सल्ल्यासाठी येणारी मुलं हे बघायला विसरतात, आणि परतावा दर वर्षी वेळेवर येईल असं धरून चालतात. मी त्यांना प्रत्येक हप्ता दोन वर्षं उशिरा टाकून तक्ता पुन्हा करायला सांगते. बऱ्याचदा पहिल्या क्रमांकाची जागा दुसरी होते.

आमच्या त्या सहाव्या तक्त्याची प्रत माझ्याकडे आहे. भोसरीच्या असेंब्लीवर एकतीस जण होते, त्यांत बावीस बायका. त्यांच्या व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, रक्कम मीच काढली होती. ती शेवटून तिसऱ्या ओळीत आहे, “एकवेळचा खर्च” या शीर्षकाखाली, जुनी यंत्रं उचलून नेण्याच्या खर्चाच्या लगेच खाली. शेवटच्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या डब्यातली चपाती-भाजी आग्रहाने वाढली. तो आकडा कुणी मांडला हे त्यांतल्या एकीलाही माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.