वृद्ध श्वानाची जखम, किडे आणि दयामरणाचा निर्णय

शेताची राखण करणारा कुत्रा वयोमानाने थकतो, जखमेत किडे पडतात आणि ‘आता त्याला सोडवावे’ असा विचार पुढे येतो. हा निर्णय केवळ किडे पाहून घेऊ नये.

क्रायसोमिया बेझियाना ही माशी जिवंत प्राण्याच्या जखमेच्या कडेला अंडी घालते. साधारणतः १२ ते २४ तासांत निघालेल्या अळ्या जिवंत ऊती खातात आणि ५ ते ७ दिवसांनी कोषावस्थेसाठी मातीत उतरतात. वेळीच अळ्या काढून उपचार केल्यास जखम भरू शकते. पिकावरील कीटकनाशक जखमेवर ओतू नये. ते शरीरात शोषले जाऊन विषबाधा होते.

निर्णयाचा आधार उर्वरित आयुष्याची गुणवत्ता हा असावा. पशुवैद्यक अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांच्या मापनपद्धतीत वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल व चांगल्या दिवसांचे प्रमाण यांना प्रत्येकी ० ते १० गुण दिले जातात. एकूण ३५ हून अधिक गुण असल्यास शुश्रूषा चालू ठेवणे योग्य मानतात. गुण सातत्याने घटत असल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. बेंगळुरूत हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

दयामरण पशुवैद्यकानेच द्यावे. विष घालून मारणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे. दयामरणासाठी वापरलेल्या बार्बिट्युरेट औषधाचा अंश मृतदेहात राहतो व तो खाणारी गिधाडे, कुत्री दगावू शकतात. म्हणून मृतदेह खोल पुरावा किंवा त्याचे दहन करावे.