साईड विचारू नका, विषय विचारा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न असतो, ‘टक्के किती?’ आणि लगेच दुसरा, ‘आता कुठल्या साईडला?’ या दुसऱ्या प्रश्नातच घोळ आहे. साईडी दोनच, एक हुशार मुलांची आणि दुसरी उरलेल्यांची, असं आपण धरून चालतो. मग पदवीला नेमकं काय शिकायचं, प्रॅक्टिकलचे तास किती, पुढे कोणत्या परीक्षेला बसता येईल आणि कोणत्या नाही, हे विचारायचं राहूनच जातं.

विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं यांचा एकमेकांशी संबंध नाही, हा सगळ्यांत खोल रुजलेला समज. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले, पण रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी लंडनला १९२३ साली त्यांना मिळालेली पदवी डी.एस्सी. होती. विषय अर्थशास्त्र, पदवी विज्ञानाची! दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं आणि वजनाने कमी होत जातं, एवढ्या साध्या गोष्टीवरून त्यांनी प्राचीन आहत नाणी तोलून, संख्याशास्त्र लावून त्यांचा कालक्रम शोधला आणि भारताच्या इतिहासाकडे बघायची एक नवी रीत दिली. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. तिथला ताम्रपाषाणयुगातला शेतकरी काय पिकवत होता, काय खात होता, हे जळक्या दाण्यांवरून आणि जनावरांच्या हाडांवरून समजलं. ते दाणे ओळखायला वनस्पतिशास्त्र लागलं आणि हाडं ओळखायला प्राणिशास्त्र. आजही पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. बी.एस्सी. बॉटनी झालेल्या किती मुलींना हे कुणी सांगितलेलं असतं?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात जी रचना आली आहे, तिने ही भिंत कागदावर तरी पाडली आहे. मुख्य विषयाला मेजर म्हणतात, जोडविषयाला मायनर. शिवाय ‘ओपन इलेक्टिव्ह’ नावाचा भाग असतो आणि तो मेजरच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावा लागतो. म्हणजे रसायनशास्त्राच्या मुलाला विज्ञानाबाहेरचं काही शिकणं भागच आहे. हे ‘फालतू पेपर’ आहेत असं मुलं एकमेकांना सांगतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. पाण्याच्या राजकारणावर एक सत्र घालवलेला रसायनशास्त्रज्ञ गावाच्या विहिरीचा नमुना तपासताना जास्त काही पाहू शकेल.

‘गणित सुटावं म्हणून आर्ट्स’ हा निर्णय तर फारच महागात पडतो. अर्थशास्त्रात पुढे जायचं तर कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र टळत नाही. मुंबईतल्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत एम.एस्सी.ला जायचं तर प्रवेश परीक्षेतच गणित समोर येतं. मानसशास्त्रात प्रयोग असतात, त्यांचं जर्नल लिहावं लागतं आणि निष्कर्ष काढायला पुन्हा संख्याशास्त्रच. भूगोलाच्या प्रॅक्टिकलला सर्वेक्षणाची उपकरणं आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे असतात. आता त्यात उपग्रहप्रतिमाही आल्या आहेत. पुणे विद्यापीठात तर भूगोल बी.ए.लाही आहे आणि बी.एस्सी.लाही.

मानसशास्त्राविषयी आणखी एक स्पष्ट सांगायला हवं, कारण या विषयाकडे ओढा वाढतो आहे. बी.ए. मानसशास्त्र झाल्यावर रुग्णांवर उपचार करता येत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. औषधं लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर असतो. हे तिसऱ्या वर्षाला कळून रडण्यापेक्षा पहिल्या वर्षाला कळलेलं बरं.

उलट बाजूचा समज असा, की बी.एस्सी. म्हणजे ‘नीट’ आणि सीईटीत राहिलेल्यांची सोय. पुण्याची आयसर ही संस्था २००६ साली उभी राहिली, ती मूलभूत विज्ञान शिकवण्यासाठी. तिथे पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम आहे आणि त्याची प्रवेश परीक्षा स्वतंत्र आहे. मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातल्या मूलभूत विज्ञान केंद्राची ‘नेस्ट’ ही प्रवेश परीक्षाही वेगळीच. या परीक्षांची नावं कित्येक घरांत फॉर्मची मुदत उलटल्यावर ऐकू येतात. साध्या बी.एस्सी.लाही कमी लेखू नये. थिअरीचं एक क्रेडिट पंधरा तासांचं, तर प्रॅक्टिकलचं तीस तासांचं असतं. तेवढा वेळ प्रयोगशाळेत उभं राहावं लागतं.

‘यूपीएससी करायची तर बी.ए.च’ हेही अर्धसत्य. नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते आणि वैकल्पिक विषय पदवीचाच हवा असं बंधन नाही. मात्र काही परीक्षांना विषय बघतात. भारतीय वनसेवेसाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र, गणित, संख्याशास्त्र अशा ठरावीक विषयांपैकी एक तरी पदवीला असावा लागतो, नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. भारतीय सांख्यिकी सेवेला संख्याशास्त्र लागतं आणि आर्थिक सेवेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी. इतिहास-राज्यशास्त्र घेतलेल्या मुलाला वनसेवेचं दार बंद असतं, आणि हे तो पदवी हातात आल्यावर जाहिरातीत वाचतो.

नव्या रचनेत ‘पदवी आता चार वर्षांची झाली’ असं सरसकट बोललं जातं. तीन वर्षांची पदवी कायम आहे. चौथं वर्ष ऐच्छिक आहे. ते केलं तर ऑनर्स मिळते आणि पुढची एम.ए. किंवा एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते. संशोधनासह ऑनर्स हवी तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. दुसऱ्या टोकाला ‘एक वर्ष करून सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं’ ही बतावणी ऐकू येते. ते मिळायलाही चार क्रेडिटांचा जादा व्यवसायकौशल्याचा अभ्यासक्रम करावा लागतो, आणि ती पदवी नव्हे. पदवीधर मागणाऱ्या कोणत्याही परीक्षेला ते चालणार नाही. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करायची.

राहता राहिलं प्रॉस्पेक्टस. त्यात छापलेला प्रत्येक विषय तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून शिकवला जाईलच असं नसतं. मुलं कमी आली किंवा पूर्णवेळ प्राध्यापक निवृत्त झाले, की विषय पहिल्या-दुसऱ्या वर्षापुरताच उरतो. म्हणून फी भरण्याआधी विभागात जाऊन यंदाचं तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक बघायला मागावं. पूर्णवेळ शिकवणारे किती, प्रयोगशाळा कुठे आहे, मायनरला कोणते विषय खरोखर मिळतात, हे तिथेच विचारावं. आणि कॉरिडॉरमध्ये तिसऱ्या वर्षाची मुलं भेटली तर त्यांनाही.