कपाळावरच्या उंचवट्यावरून नर ठरत नाही

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर चिंबोरी उलटी केली की नर की मादी हे लहान पोरसुद्धा सांगतं. पोटाखालचं झाकण निमुळतं असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. भरलेली चिंबोरी निवडणाऱ्या हातांना यात कधी शंका येत नाही. पण त्याच घरातल्या मुलाने क्रॉफर्ड मार्केटमधून तीन इंचांचा फ्लॉवरहॉर्न आणला, विरारला डहाणू लोकल पकडून पिशवी सांभाळत सफाळ्याला उतरला आणि मासा टँकमध्ये सोडला, की सगळं घर काचेला नाक लावून बसतं आणि एकमत काही होत नाही. दुकानदाराने सांगितलेलं असतं, ‘नर आहे, काम्फा आहे.’ लिंग आणि वंश, या दोन्ही गोष्टी त्या वयात कोणालाही खात्रीने सांगता येत नाहीत.

सर्वांत पक्का बसलेला गैरसमज कपाळाचा. डोक्यावरचा तो उंचवटा, ज्याला हौशी लोक ‘कोक’ किंवा नुसतं ‘हेड’ म्हणतात, तो दिसला की नर असं धरलं जातं. नरांमध्ये तो मोठा होतो हे खरं. पण चांगल्या वंशाच्या मादीलाही ठसठशीत हेड येतं, आणि कित्येक नर जन्मभर सपाट कपाळाचे राहतात. वंश, खाणं, पाण्याची स्वच्छता, वय, काचेपलीकडे दिसणारा दुसरा मासा, या सगळ्यांवर ते कमीजास्त होतं. आज फुगलेलं हेड आजारपणात बसूही शकतं.

पाठीच्या पराचं तसंच. नराचे वरचे आणि खालचे पर मागे लांब, टोकदार होत जातात. मादीच्या पाठीच्या परावर बऱ्याचदा काळे डाग असतात. या खुणा उपयोगी आहेत, पण सोनेरी अंगाच्या माशांत ते डाग दिसतीलच असं नाही.

मग बघायचं कुठे? पोटाखाली, चिंबोरीसारखंच. तिथे दोन छिद्रं असतात. डोक्याकडचं विष्ठेचं, शेपटीकडचं जननाचं. नराचं मागचं छिद्र बारीक आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखं टोकदार; मादीचं रुंद, बोथट, यू अक्षरासारखं. मासा निदान चार-पाच इंचांचा झाल्याशिवाय हा फरक उघड्या डोळ्यांना नीट कळत नाही. त्यासाठी त्याला हातात धरून तडफडवायची गरज नाही. पाणी बदलताना मासा पारदर्शक डब्यात घ्यावा, मोबाईलने खालून फोटो काढावा आणि मोठा करून बघावा. एका फोटोवर निकाल देऊ नये. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने काढलेले फोटो शेजारी ठेवले की बरंच स्पष्ट होतं.

शेवटची खात्री अंड्यांनी होते. एके सकाळी टँकच्या तळाशी किंवा दगडावर फिकट नारिंगी ठिपके ओळीने चिकटलेले दिसतात आणि घरात गोंधळ उडतो: नर नसताना अंडी कशी? कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी देते, तशीच एकटी मादीही देते. अशी अंडी फळत नाहीत. एक-दोन दिवसांत पांढरी पडतात आणि त्यांवर बुरशी धरते. तोवर मादी ती राखत बसते आणि साफसफाईला आत घातलेल्या हातावर धावून येते. उलट, जोडी असूनही सगळी अंडी पांढरी पडली तर दोष मादीचाच, असंही समजू नये. फ्लॉवरहॉर्नचे बरेच नर वांझ असतात, काम्फा वंशात विशेष.

याचं कारण या माशाच्या जन्मातच आहे. ‘ॲमेझॉनचा मासा’ म्हणून तो विकला जातो, पण जगातल्या कुठल्याही नदीत तो निसर्गतः नाही. १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड माशांचा आणि तैवानहून आलेल्या पॅरट माशांचा संकर करून तो माणसाने घडवला. बाजारातला तिलापियाही याच सिक्लिड कुळातला. झेन झू, काम्फा, थाई सिल्क ही वेगवेगळ्या प्रजातींची नावं नाहीत, पैदास करणाऱ्यांनी जोपासलेल्या वंशांची आहेत. मोठेपणी झेन झूचे डोळे बहुधा लाल आणि अंगावर मोत्यांची दाट नक्षी, काम्फाचे डोळे पांढरे किंवा पिवळे आणि थोडे आत गेलेले. पण या वंशांची आपसांत इतकी सरमिसळ झाली आहे की आईबाप पाहिल्याशिवाय पिल्लाला एकच नाव चिकटवणं धाडसाचं ठरतं.

रंगाने तर आणखी फसायला होतं. प्रवासातून आलेला मासा घाबरून फिका पडतो, अंगावर काळे पट्टे उमटतात. ते दोन दिवसांत निवळतात. काही वंशांत लहानपणीचा करडा-काळा रंग महिनोनमहिने सोलून निघत आतून सोनेरी किंवा लाल उमटतो. काही पिल्लांत तो कधीच उतरत नाही. उलट तीन इंचांचं पिल्लू भडक लाल असेल तर रंग खुलवण्यासाठी संप्रेरकं दिल्याची शंका घ्यावी. असा रंग पुढे उतरू शकतो.

या चुकीच्या ओळखीची किंमत मादीला मोजावी लागते. नर म्हणून आणलेला मासा मादी निघाला की मन उडतं आणि ‘देऊ सोडून खाडीत’ हा विचार येतो. दातिवऱ्याला तर वैतरणेचं मुख दाराशी. मुखाशी पाणी खारं, पण आतल्या गावांची तळी आणि ओढे गोड्या पाण्याचे आहेत; तिथे हा मासा तग धरू शकतो. सिंगापूरच्या जलाशयांत असेच सोडलेले फ्लॉवरहॉर्न वाढले, आणि हा मासा आपल्या हद्दीत दुसऱ्याला टिकू देत नाही. त्यापेक्षा मादी दुकानात परत द्यावी किंवा पैदास करणाऱ्याकडे पोचवावी. उत्तम वंशाची, नीट अंडी घालणारी मादी त्यांना हवीच असते.